रोपांचा हिशोब आणि बिया नेणारे प्राणी: थोडी पार्श्वभूमी

झाडं तोडली की बदल्यात किती रोपं लावली एवढंच आपल्याकडे मोजलं जातं, पण जंगल परत उभं राहायला बिया नेणारे प्राणीही लागतात. इंडोनेशियातल्या क्राकाटोआ बेटावर १८८३ च्या ज्वालामुखीत सगळं जळून गेलं होतं, तिथे पुढे जंगल परत उभं राहिलं त्यात उंबराच्या जातीची झाडं आणण्याचं काम वटवाघळं आणि पक्ष्यांनी केलं. १९७०-७१ मध्ये दोन संशोधकांनी वेगवेगळं मांडलं की आईझाडाखाली पडलेलं बी किडे आणि रोगांमुळे सहसा मरतं, लांब गेलेलंच जगतं.

आपल्याकडे मात्र धोरण पूर्ण वेगळ्या दिशेने गेलं आणि खरा वाद तिथेच आहे. १९८० च्या वन संवर्धन कायद्यातून पर्यायी वनीकरण रुळलं, शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे पण विचार तोच, इथे तोडा, तिथे लावा. मग २०१६ पासून महाराष्ट्रात वृक्षलागवडीची टार्गेटं सुरू झाली, २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी २,१४१ झाडं तोडली तेव्हाही उत्तर हेच की आम्ही बदल्यात इतकी रोपं लावलीत. कुठली लावली, शेजारी जंगल किती लांब आहे, तिथे धनेश (फळं खाऊन बिया लांब नेणारा पक्षी) येतो का, हे विचारायची सोयच या हिशोबात नाही. मला हेच सगळ्यात खटकतं. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) लावलं तर आकडा भरतो, पण त्याच्या सुक्या शेंगांत पक्ष्याने खावं असं काही नसतं. उलट उंबर, वड, जांभूळ असेल तर बुलबुल, तांबट, उदमांजर येतात आणि येताना दुसरीकडची बी घेऊन येतात. हां, घाणेरीसारखं माजणारं परकं झुडूपसुद्धा पक्षीच पसरवतात, त्यामुळे नुसतं सोडून दिलं की झालं असंही नाही, राखण लागतेच.

शिकारीने प्राणी संपून रिकामी झालेली जंगलं वरून हिरवी दिसतात पण बिया नेणारं कोणी नसल्याने आतून थांबलेली असतात, हे १९९२ पासून बोललं जातंय. २०२५ च्या एका मोठ्या अभ्यासात तर असं दिसलं की बिया नेणारे प्राणी जिथे टिकून आहेत तिथे परत वाढणारं उष्ण कटिबंधातलं जंगल चौपटीपर्यंत जास्त कार्बन साठवू शकतं.

आणि मुंबईतल्या गोरेगाव-मुलुंड लिंक रोडच्या झाडतोडीतही चर्चा परत रोपांच्या आकड्यावरच अडलीय.