टॉवेल टाकला म्हणजे खुर्ची आपली झाली?

मुंबई-गोवा क्रूझला निघालेल्या माणसाला कुणीतरी हमखास सांगतं: सकाळी उठून पूलजवळच्या खुर्चीवर टॉवेल टाकून ठेवा, मग जेवूनखाऊन आलात तरी ती तुमचीच. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्यांना हे पटतंही लगेच. पण तसा हक्क बोटीवर नसतो.

पूलच्या खुर्च्या बहुधा सगळ्यांसाठी असतात, नंबर लावून दिलेल्या नसतात. कार्निव्हल कंपनीने 2013 पासून रिकाम्या खुर्चीवर वेळेचं स्टिकर लावायला सुरुवात केली. 40 मिनिटांत कुणी फिरकलं नाही तर कर्मचारी सामान उचलून ठेवतात. रॉयल कॅरिबियनचा नियम 30 मिनिटांचा. कंपनीगणिक वेळ बदलते, म्हणून आपल्या बोटीची चौकशी आधीच करावी. बरं, तो टॉवेलही बहुतेक वेळा बोटीचाच, हरवला तर पैसे आपल्या बिलात!

हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. जुन्या अटलांटिक बोटींवर डेकची खुर्ची भाड्याने मिळे, वर नावाची चिठ्ठी असे आणि ती प्रवासभर त्याच माणसाची. तिथे पैसे मोजलेले असत. टॉवेलवाल्याने काय मोजलं?

दुसऱ्याचा टॉवेल मात्र स्वतः उचलू नका, भांडण होतं. कर्मचाऱ्याला सांगा. आणि दक्षिणेकडे जाताना कोकणचा किनारा डाव्या हाताला असतो. सूर्यास्त पाहायचा तर खुर्ची उजवीकडे शोधा.