मानव-संगणक आंतरक्रिया आणि कामाचे भवितव्य : मराठवाड्यातील विद्यार्थी संशोधन

माणूस आणि संगणकीय यंत्र यांच्यातील देवघेवीच्या अभ्यासाला मानव-संगणक आंतरक्रिया म्हणतात. बटण कुठे हवे, सूचना कोणत्या भाषेत हवी, चूक झाली तर मागे फिरता येते का, आणि या सगळ्याने माणसाचे रोजचे काम हलके होते की जड, हे त्यात पाहिले जाते. कामाचे भवितव्य हा विषय त्याला लागूनच येतो. यंत्र आल्यावर कोणते काम जाते, कोणते उरते आणि उरलेल्यावर ताबा कोणाचा, हा त्यातला मुख्य प्रश्न. मराठवाड्यात हे संशोधन अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे प्रकल्प, एमसीए-एमएस्सीचे प्रबंध, पीएचडी आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीला जोडलेले क्षेत्रप्रकल्प या वाटांनी करता येते. इथला ‘संगणक’ टेबलावर क्वचितच असतो. रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र, अंगणवाडी सेविकेचा मोबाईल, संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यातला एचएमआय पॅनेल (यंत्र चालवायचा पडदा) आणि बांधावर उभे राहून उघडलेले ई-पीक पाहणीचे ॲप हे इथले संगणक.

या विद्याशाखेची मुळे परदेशात आहेत. लक्ष्य जितके लहान आणि दूर तितका तिथे पोचायला वेळ जास्त, हा नियम मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडला. मोबाईलवरचे बटण किती मोठे असावे हे आजही त्याच्याच आधारे ठरते. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस जाहीरपणे चालवून दाखवला. १९८२ पासून हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला. मराठवाड्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत जवळचा धागा नॉर्वेतला आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन न्यूगॉर्ड यांनी तिथल्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात येणारी संगणक प्रणाली कशी असावी, यात कामगारांचाही शब्द चालावा, हा त्यामागचा आग्रह होता. ‘सहभागी रचना’ ही पद्धत त्यातूनच वाढली.

भारतीय भाषांपुरते पाहिले तर भारतीय लिप्यांसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात आला आणि आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात ‘स्वरचक्र’ हा मोबाईल कळफलक तयार झाला. अक्षरावर बोट ठेवले की भोवती चक्रात त्याची बाराखडी उघडते. शाळेत जशी अक्षरे शिकलो तशीच ती बोटाखाली येतात, म्हणून विद्यार्थ्यांना हे उदाहरण आधी दाखवावे.

कामाच्या भवितव्याबद्दल आकडे बरेच फिरतात. अमेरिकेतील ४७ टक्के रोजगार स्वयंचलनाच्या धोक्यात आहेत, असा अंदाज फ्रे आणि ऑस्बोर्न यांनी २०१३ मध्ये मांडला. २०१६ मध्ये ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या अभ्यासाने २१ देशांसाठी तोच आकडा सरासरी ९ टक्क्यांवर आणला. आधीच्या अभ्यासाने अख्खे व्यवसाय मोजले होते, नंतरच्याने व्यवसायातली एकेक कामे सुटी करून पाहिली, म्हणून एवढा फरक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या अभ्यासात मजकूर तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची सर्वाधिक झळ कारकुनी कामाला बसेल असे दिसले. मराठवाड्यात ही गोष्ट फार जवळची आहे. तालुक्याच्या गावी बसस्थानकाच्या आसपास टायपिंगचा क्लास असतोच. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाचे प्रमाणपत्र हाती आले की लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेचा फॉर्म भरता येतो. कोरडवाहू शेतीतून बाहेर पडायची शिडी म्हणून कित्येक घरांनी याच प्रमाणपत्राकडे पाहिले. त्या शिडीची कोणती पायरी आता खिळखिळी होते आहे, हे मोजायला परदेशी अहवाल उतरवून भागत नाही. त्यासाठी तहसीलच्या टेबलाशी बसून कारकुनाचा एक दिवस लिहून काढावा लागतो.

संस्था बऱ्याच आहेत. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे, परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे. संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था यांतून अभियंत्यांच्या पिढ्या बाहेर पडल्या. प्रकल्पाचा साचा मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच : तीन-चार जणांचा गट, एक गाईड, शेवटी एक्स्टर्नलसमोर व्हायवा आणि सोनेरी अक्षरांची ब्लॅक बुक, म्हणजे बांधलेला प्रकल्प अहवाल.

या प्रदेशात संशोधनाची सुरुवात अंगठ्यापासून व्हावी इतका तो प्रश्न मोठा आहे. रेशन दुकानात बाई यंत्रावर अंगठा ठेवते, यंत्र ‘टूं’ करते आणि नाकारते. दुकानदार म्हणतो, “मावशी, पुसून लावा.” ती पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते, मग दुसऱ्या हाताचे. ‘अंगठा उठत नाही’ हे वाक्य आता गावोगाव ऐकू येते. ठसा जुळवणारे यंत्र बोटावरच्या रेषा कुठे संपतात आणि कुठे फुटतात ते टिपून नोंदीशी ताडते. उसाच्या पानांच्या धारेने, कोयत्याच्या मुठीने, खडी फोडण्याने किंवा सिमेंट-चुन्याने त्या रेषाच झिजल्या तर टिपायला काही उरत नाही. शिवाय यंत्राला एक उंबरठा ठरवून दिलेला असतो. तो कडक ठेवला की खरा माणूस नाकारला जातो, सैल सोडला की खोटा आत येतो. म्हणजे यंत्राने नाकारणे हा बाईचा दोष नसतो. कोणाची गैरसोय चालेल हे कुणीतरी आधी ठरवलेले असते. पूर्वी अंगठा निरक्षराची खूण होता आणि शिकलेला माणूस सही करायचा. आता शिकलेल्यालाही अंगठाच द्यावा लागतो, आणि ज्याने हाताने सर्वांत जास्त काम केले त्याचाच अंगठा यंत्र ओळखत नाही. ही गोष्ट संतापजनक आहे आणि संशोधनाचा विषय म्हणून पूर्णपणे हाती येण्यासारखी आहे. एक वही, एक दुकान आणि दोन महिने पुरतात : कोणते काम करणाऱ्याला किती वेळा प्रयत्न करावा लागला, शेवटी धान्य कोणत्या पर्यायाने मिळाले, कोण रिकाम्या हाताने परतले. फक्त प्रयत्न मोजावेत, ठसा साठवू नये. २०१६ चा आधार कायदाही त्याला मनाई करतो.

भाषेचा प्रश्नही असाच पायाशी आहे. आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात मराठी उच्चारांचे संग्रह आणि वाणी-ओळख यांवर काम झाले आहे, आणि भारतीय भाषांतले भाषांतर आणि वाणी-ओळख यांसाठीचा केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. तरी ‘माझं’, ‘तुझं’ याला ‘मपलं’, ‘तुपलं’ म्हणणारा बीड-जालन्याचा माणूस, नांदेडकडचा तेलुगूच्या शेजारचा हेल, उदगीरकडची कानडी छटा, तांड्यावरची बंजारा लोकांची गोरमाटी आणि शहरातली दखनी यांना यंत्राने कान द्यायचा तर आवाज इथूनच गोळा व्हायला हवेत. पडद्यावरच्या शब्दांचेही तेच आहे. ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ असे लिहिलेले वाचून कुणाला काही उमगत नाही. ‘अंगठा जुळला नाही, दुसरे बोट लावा’ असे लिहिले तर रांग पुढे सरकते. शासकीय मराठीत भाषांतर केले म्हणजे ॲप मराठी झाले, हा समज विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही शिरतो. तो पहिल्याच दिवशी मोडून काढावा.

पद्धतीबाबत इथल्या विद्यार्थ्याला एक मोठा फायदा आहे आणि त्याच फायद्यात एक धोकाही आहे. ज्यांच्यावर तो अभ्यास करतो ते त्याचेच लोक असतात : आई अंगणवाडीत, चुलता मोंढ्यात (धान्यबाजारात) हमाल, मामा वाळूजला ऑपरेटर. दार उघडावे लागत नाही, ते उघडेच असते. पण गावचे पोर काहीतरी बनवून घेऊन आले की मावशी कौतुकाने म्हणते, “लई चांगलं झालंय रे.” पाच-दहा जणांकडून असे ऐकले की गट ‘वापरकर्ते समाधानी’ असे लिहून मोकळा होतो. याहून वाईट म्हणजे वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर गूगल फॉर्म टाकून मिळवलेले समाधान. त्यापेक्षा फोन मावशीच्या हातात द्यावा, “या महिन्याची नोंद करून दाखवा” एवढेच म्हणावे आणि गप्प बसावे. अंगठा कुठे थबकतो, ती कोणत्या शब्दाशी अडून तुमच्या तोंडाकडे बघते, कधी म्हणते “पोरगं आल्यावर करून घेते”, हे लिहावे. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे, कारण काम खरे कोणाच्या हातून होते ते त्यातून कळते. मोठ्या अडचणी सापडायला माणसेही फार लागत नाहीत. पाच वापरकर्त्यांत बहुतेक अडचणी दिसतात, हा जो ठोकताळा वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी लोकप्रिय केला तो अशा छोट्या चाचण्यांसाठीच आहे.

तक्रार ऐकून न घेतल्याने काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. अंगणवाडीच्या नोंदींचे पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत आणि दिलेले मोबाईल निकृष्ट, म्हणून राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी ते फोन परत करण्याचे आंदोलन केले. ज्या बाईला रोज लेकरांची वजने घ्यायची आहेत तिला आधी विचारले असते, तर या बहुतेक तक्रारी फोन वाटण्याआधीच कळल्या असत्या.

ऊसतोडीच्या बाबतीत अडचण कॅलेंडरची आहे. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडचे मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल (आगाऊ रक्कम) घेऊन मुकादमामार्फत, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारामार्फत, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलनंतर परततात. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला खरा वेग जानेवारीत येतो, तेव्हा गावात म्हातारे आणि लहान लेकरेच असतात. एप्रिल-मे मध्ये मजूर परततो तेव्हा विद्यार्थी परीक्षेला बसलेला असतो. त्यामुळे या प्रदेशातल्या एवढ्या मोठ्या श्रमिक वर्गापर्यंत पोचायचे तर क्षेत्रकाम जून ते सप्टेंबरमध्ये बसवावे लागते, किंवा कोप्यांवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर) जाऊन राहावे लागते. तिथेही मुकादमासमोर विचारलेल्या प्रश्नाला मिळालेले उत्तर खरे धरू नये. उचलीचा हिशेब, कोयत्यामागे झालेली टनांची नोंद आणि खाडे हे सगळे बहुधा मुकादमाच्या वहीत असते. ती वही मजुराच्या स्वतःच्या फोनवर, त्याला ऐकता येईल अशा आवाजात कशी आणावी, हा चांगल्या प्रकल्पाचा विषय आहे. एका जोडप्याच्या श्रमाला ‘एक कोयता’ म्हणतात. दोघांचे टन एकाच नावावर चढू नयेत म्हणून त्यात नवऱ्याचे आणि बायकोचे खाते वेगवेगळे दिसले पाहिजे.

ऊसतोडणी यंत्र आता फडात आले आहे आणि शासन त्याला अनुदानही देते. त्याला सरींमध्ये रुंद अंतर आणि सलग मोठे क्षेत्र लागते, म्हणून लहान तुकड्यांच्या फडात कोयता अजून टिकून आहे. यंत्र येते तिथे कोयत्यातली दोन माणसे एकदम बाजूला होतात, आणि केबिनमध्ये चालकाची जागा एकच असते. तिथे वर्षानुवर्षे मोळ्या बांधणारी बाई बसू शकेल का, हे तिथले लिव्हर, पॅनेलवरची चिन्हे, प्रशिक्षणाची भाषा, रात्रपाळीची सोय आणि कर्जाच्या कागदावर कोणाचे नाव आहे यांवर ठरते. यांतल्या पहिल्या तीन गोष्टी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला फडात उभे राहून तपासता येतात.