कॉस्प्ले

कॉस्प्ले : (जपानी उच्चार ‘कोसुपुरे’). कल्पित पात्राचा वेश घेऊन काही काळ त्याच्याच ढंगात वावरण्याची, जपानमध्ये विशेष फोफावलेली हौस. मांगा (चित्रकथा), ॲनिमे (जपानी सचेतपट) व व्हिडिओ गेम यांतून बहुतेक पात्रे उचलली जातात. बहुरूप्याच्या सोंगाशी तिचे साम्य वरवरचे आहे : बहुरूपी सोंगावर पोट भरतो, कॉस्प्ले करणारा बहुधा पदरमोड करतो.

‘कॉस्च्यूम’मधील ‘कोसु’ आणि ‘प्ले’मधील ‘पुरे’ जोडून हा शब्द झाला. लांबलचक परकीय शब्द चार मात्रांत बसवण्याची जपानी भाषेला खोड आहे. ‘पासोकोन’ (पर्सनल कॉम्प्युटर) आणि ‘रिमोकोन’ (रिमोट कंट्रोल) याच घडणीचे. त्यामुळे घटक इंग्रजी असले, तरी शब्द जपानीच मानणे योग्य.

शब्दाचे जनकत्व स्टुडिओ हार्ड या जपानी संपादन-संस्थेचे नोबुयुकी ताकाहाशी यांना दिले जाते. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या (प्रत्यक्षात जवळच्या ॲनाहाइमच्या) जागतिक विज्ञानकथा संमेलनातील वेशधारी पाहून त्यांना तो सुचला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. मात्र ‘माय ॲनिमे’ मासिकाच्या जून १९८३ च्या अंकातील त्यांच्या लेखात तो आधीच छापलेला आढळतो. छापील पुरावा अर्थातच अधिक वजनदार. बोलण्यात शब्द त्याहूनही आधी रुळला असणे शक्य आहे.

प्रथा शब्दापेक्षा जुनी आहे. न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात (१९३९) फॉरेस्ट ॲकरमन व मर्टल डग्लस हे विज्ञानकथांचे चाहते भविष्यकाळातील पोशाखात आले होते. ते पोशाख डग्लस यांनी तयार केले होते. जपानमधील आरंभ म्हणून पुढे समीक्षक झालेल्या मारी कोतानी यांचा १९७८ चा वेश दाखवला जातो. हाकोने भागातील संमेलनात त्यांनी एडगर राइस बरोज यांच्या मंगळकथेच्या मुखपृष्ठावरून पोशाख केला, पण पाहणाऱ्यांनी त्यांना मांगाकार ओसामू तेझुका यांच्या कथेतील ट्रायटन ठरवले. जपानी कॉस्प्लेचा हा ‘आरंभ’ गैरसमजावर उभा आहे, हे लक्षात घ्यावे. तोक्योत १९७५ पासून भरणाऱ्या कोमिकेत या हौशी प्रकाशनांच्या मेळ्यातही वेशधारी दिसू लागले होते. एकाच व्यक्तीला पहिलेपणाचा मान देणे त्यामुळे धाडसाचे.

वेशधारी स्वतःला ‘रेइया’ म्हणवतात. छायाचित्रे टिपत फिरणारा तो ‘कामेको’, म्हणजे कॅमेरावाला पोरगा. एकाच कथेतील पात्रे मिळून करणे ‘आवासे’, घराबाहेर न पडता केलेला कॉस्प्ले ‘ताकुकोसु’. कोमिकेतला घरूनच वेश चढवून जाणे निषिद्ध. टोप, पोशाख व फोमची तलवार चाकांच्या बॅगेत भरून न्यायची आणि तेथील खोलीत कपडे बदलायचे. विचारल्याशिवाय फोटो काढणे असभ्य मानतात.

नागोया येथे २००३ पासून जागतिक कॉस्प्ले मेळावा भरतो; स्पर्धेत देशोदेशींच्या जोड्या छोटे नाट्यप्रवेश करतात. मुंबईतील कॉमिक कॉन या चित्रकथाप्रेमींच्या मेळ्यातही कॉस्प्ले होतो, पण तेथे जपानी पात्रांशेजारी अमेरिकी सुपरहिरोही असतात.