विषाणूची वंशावळ आणि संमतिपत्रावरची सही

व्यसनी माणसाने संशोधनात भाग घेतला तर त्याला मोबदला म्हणून रोख पैसे द्यावेत का? चारचौघांत हा प्रश्न टाकून बघा, उत्तर ठरलेलं असतं. छे, हातात नोट पडली की स्वारी तडक नशा करायला जाणार! द्यायचंच असेल तर कुपन द्या, खाऊ घाला, पण पैसे नकोत. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समित्यांमधली शिकलीसवरली मंडळीही अनेकदा याच सुरात बोलतात. ऐकायला हे मोठं नैतिक वाटतं. पण त्याच्या पोटात एक साधा दावा आहे, आणि दावा म्हटला की तो तपासून बघता येतो.

अमेरिकेत डेव्हिड फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं तेच केलं. व्यसनमुक्तीसाठी बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेणाऱ्यांना त्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा मुलाखतीला बोलावलं. त्यासाठी कुणाला 10 डॉलर, कुणाला 40, कुणाला 70 मिळणार होते. ते रोख मिळणार की भेट-कुपनाच्या रूपात, हेही चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेने ठरवलेलं होतं. खरी मेख पुढे आहे. पैसे दिल्यानंतर तीन दिवसांनी त्यांना परत बोलावून, मधल्या काळात नव्याने नशा केली का हे तपासलं. 2005 साली निष्कर्ष छापून आले. रक्कम कितीही असो, रोख असो वा कुपन, नशेच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. ‘आमच्यावर दबाव आला’ असंही जास्त पैसे मिळालेल्यांना वाटलं नव्हतं. फरक पडला तो एकाच गोष्टीत. जास्त आणि रोख पैसे मिळणारे लोक मुलाखतीला जास्त संख्येने परत आले, म्हणजे संशोधनातली गळती कमी झाली.

एका अभ्यासाने जगाचा निकाल लागत नाही, हे खरंच. पण नैतिक प्रश्नातला जो भाग प्रयोगाने सुटण्यासारखा आहे तो प्रयोगानेच सोडवावा, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. एचआयव्ही आणि व्यसन या क्षेत्रांत नव्याने पाऊल टाकणाऱ्या संशोधकांना आता हीच दृष्टी शिकवण्याचे प्रयत्न होत आहेत. न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात सेलिया फिशर यांच्या पुढाकाराने अशी एक प्रशिक्षण संस्था चालते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मादक द्रव्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे नायडाच्या, पैशावर ती 2011 मध्ये सुरू झाली. तिथे तरुण संशोधकांना नुसती व्याख्यानं ऐकून सुटका नाही. प्रत्येकाने संशोधनाच्या नीतीवरच एक छोटा अभ्यास करायचा असतो, आणि त्यासाठी ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांनाच जाऊन विचारायचं असतं: बाबांनो, तुम्हाला यात धोका कुठे दिसतो? हा प्रश्न समितीच्या बंद खोलीत बसून सुटत नाही, असं फिशर यांचं म्हणणं.

एरवी ‘नीतीचं प्रशिक्षण’ म्हटलं की संगणकावर पानं उलटायची, शेवटी दहा प्रश्नांवर टिकमार्क करायचे आणि प्रमाणपत्र छापून घ्यायचं, असाच खाक्या असतो. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था तिच्या प्रशिक्षण अनुदानांसाठी किमान आठ तासांचं समोरासमोर शिक्षण मागते. नुसता ऑनलाइन कोर्स पुरेसा धरत नाही. आठ तास काही फार नाहीत म्हणा. पण ते का हवेत, हे अमेरिकेतल्या टस्कीगीचा इतिहास सांगतो. तिथे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना 1932 ते 1972 अशी तब्बल चाळीस वर्षं उपचारांविना ‘निरीक्षणाखाली’ ठेवलं गेलं. त्यातली शेवटची पंचवीस वर्षं तर पेनिसिलिन हाताशी होतं. ते करणारे सरकारी आरोग्य खात्याचे डॉक्टर काही गुंड नव्हते. आपण विज्ञानाची सेवा करतोय अशी त्यांची पक्की समजूत होती.

संमतीचा प्रश्न व्यसनाच्या बाबतीत जास्त अवघड होतो, कारण ‘व्यसनी माणसाची संमती ही काय संमती?’ असं विचारणारे तत्त्वज्ञही आहेत. हेरॉइनची ओढ लागलेला माणूस हेरॉइन मिळणाऱ्या चाचणीत यायला ‘नाही’ कसं म्हणेल, असा पेच लुई शारलां यांनी 2002 मध्ये मांडला. मुद्दा बिनतोड वाटतो, पण व्यसन म्हणजे चोवीस तासांची बेशुद्धी नव्हे. नशा चढलेली असताना आणि नशा उतरून अंग मोडून येत असताना माणसाची समज ढळते. मधल्या काळात तो तुमच्याआमच्याइतकाच व्यवहारी असतो. म्हणून संशोधकाला वेळ निवडायला शिकवतात. ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही, ‘तुम्ही मला समजावून सांगा’ असं म्हणायचं, हेही शिकवतात.

समजावून सांगायला लावलं की मोठमोठे गैरसमज बाहेर पडतात. मनोविकारतज्ज्ञ पॉल ॲपलबॉम आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्येच दाखवून दिलं होतं, की चाचणीत आलेल्या पुष्कळ रुग्णांना ती आपल्यासाठी बेतलेली उपचारपद्धतीच वाटते. एचआयव्ही लशीच्या चाचण्यांत त्याचंच भावंड भेटतं: ‘मला लस टोचली, आता मी सुरक्षित.’ प्रत्यक्षात त्याला टोचलेलं पाणी असू शकतं, किंवा कुचकामी लस. बँकॉकमध्ये सुईने नशा करणाऱ्या सुमारे अडीच हजार लोकांवर 1999 ते 2003 या काळात एक लस तपासली गेली आणि तिने काहीही संरक्षण दिलं नाही. शिवाय एक गंमतशीर, पण सहभागी माणसाला महागात पडणारी भानगड आहे. काही लशींमुळे शरीरात एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात आणि नेहमीच्या रक्ततपासणीत निरोगी माणूस ‘पॉझिटिव्ह’ येतो. नोकरीच्या किंवा विम्याच्या दारात त्याने काय सांगायचं, हे संमतिपत्रात आधीच लिहिलेलं असावं लागतं.

संमतीशिवायचे प्रयोग फक्त शास्त्रज्ञच करतात असं नाही, हेही सांगून टाकतो. 2007 साली गांबियाचे राष्ट्राध्यक्ष याह्या जामे यांनी आपण जडीबुटीने एड्स बरा करतो असं जाहीर केलं, रुग्णांची विषाणूरोधक औषधं बंद करवली आणि हा तमाशा टीव्हीवर दाखवला. ना तुलनेसाठी गट, ना नोंदी, ना नकार देण्याची मुभा. चमत्कारी उपाय विकणाऱ्यांना कुठलीच नैतिकता समिती आडवी येत नाही, म्हणूनच त्यांचा ‘यशाचा दर’ नेहमी शंभर टक्के असतो.

बँकॉकमध्येच 2005 ते 2012 दरम्यान आणखी एक चाचणी झाली आणि ती आजही संशोधन-नीतीच्या वर्गात वादाला घेतात. टेनोफोव्हिर या एचआयव्हीरोधक औषधाची गोळी रोज घेतली तर सुईने नशा करणाऱ्यांना एचआयव्हीपासून संरक्षण मिळतं का, हा प्रश्न होता. 2,413 जण सहभागी झाले. गोळीच्या गटात 17 जणांना लागण झाली, गोळीसारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीच्या गटात 33 जणांना. संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आला. शास्त्र म्हणून उत्तम. पण सहभागींना समुपदेशन, कंडोम, सुया धुवायला ब्लीच आणि हेरॉइनची ओढ शमवणारं मेथाडोन दिलं गेलं, निर्जंतुक सुया मात्र दिल्या नाहीत. अमेरिकेचा सरकारी पैसा सुया वाटण्यावर खर्च करायला बंदी होती आणि थायलंडचं धोरणही अनुकूल नव्हतं. सुया बाजारात स्वस्तात मिळत होत्या, असा बचाव केला गेला. थाई नशाग्रस्तांच्या संघटनेला तो मान्य झाला नाही. संसर्ग रोखण्याचा एक माहीत असलेला उपाय हाताशी असताना तो न देता दुसऱ्या उपायाची परिणामकारकता मोजायची का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि कायद्याचं कारण मला अपुरं वाटतं.

आता मला सर्वांत गुंतवून ठेवणाऱ्या भागाकडे वळतो: विषाणूची वंशावळ. जनुकक्रम वाचता येऊ लागल्यापासून ‘गुप्तता’ या जुन्या शब्दाचा पाया हलला, तो इथे.

एचआयव्हीची जनुकीय संहिता सुमारे 9,700 अक्षरांची. पेशीत शिरल्यावर आरएनएवरून डीएनएची प्रत करणारं त्याचं विकर (एन्झाइम) फार धांदरट आहे आणि आपली चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. प्रयोगात मोजलेला चुकीचा दर साधारण 30,000 अक्षरांमागे एक. म्हणजे तीन प्रतींमागे एका प्रतीत एखादं अक्षर चुकतं. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात दिवसाला अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, तेव्हा कुठलंही एक अक्षर बदललेली प्रत रोज कुठे ना कुठे निपजतेच. पोथीच्या नकला करणाऱ्या लेखनिकांसारखंच हे. एकाने केलेली चूक त्याच्या प्रतीवरून नक्कल करणाऱ्यांच्या हातून पुढे जाते, आणि समान चुका पाहून कोणती पोथी कोणत्या शाखेतली हे अभ्यासक सांगू शकतात.

औषधरोध, म्हणजे विषाणू कुठल्या औषधांना दाद देत नाही ते, तपासण्यासाठी डॉक्टर रुग्णाच्या विषाणूचा ‘पॉल’ जनुक वाचून घेतात. त्यातली साधारण हजारभर अक्षरं. तपासणी रुग्णाच्या भल्यासाठी. पण तीच अक्षरं दुसऱ्या रुग्णाच्या अक्षरांशी ताडून पाहिली तर नातं दिसतं. अमेरिकेत साथनियंत्रणासाठी दोन विषाणूंमधला फरक 1.5 टक्क्यांच्या आत असेल तर ते संबंधित धरतात; अगदी ताज्या, वेगाने पसरणाऱ्या साखळ्या शोधायच्या तर 0.5 टक्का. हजार अक्षरांत पाच! अशा पुष्कळ जोड्या जुळल्या की संसर्गाचं जाळं उभं राहतं.

इथे एक फार मोठी गफलत होते. जाळ्यातली रेघ म्हणजे संसर्गाची वाट नव्हे. ‘क’ आणि ‘ख’ यांचे विषाणू जवळचे असतील तर ‘क’कडून ‘ख’ला गेला असेल, ‘ख’कडून ‘क’ला गेला असेल, दोघांना तिसऱ्या ‘ग’कडून मिळाला असेल, किंवा मध्ये असा कुणी असेल ज्याचं रक्त कधी तपासलंच गेलं नाही. सुई हातोहात फिरते तिथे हा न दिसलेला माणूस असतोच असतो. दिशा ठरवण्याचा एक मार्ग आहे. एकेका रुग्णाच्या शरीरातले अनेक विषाणू वेगवेगळे वाचायचे. ‘ख’चे सगळे विषाणू ‘क’च्या विविधतेतल्या एकाच फांदीवर उगवलेले दिसले, तर ‘क’ आधी, ‘ख’ नंतर, असं म्हणायला आधार मिळतो, कारण संसर्गाच्या वेळी बहुधा एखाददुसराच विषाणू पलीकडे टिकतो. 2018 पासून हे काम करणारी संगणकप्रणाली आहे. पण तीही संभाव्यताच सांगते, आणि अनेक जोड्यांच्या सरासरीवर विसंबता येतं तसं एका जोडीवर येत नाही. ‘जनुकांवरून गुन्हेगार पकडला’ छापाचे मथळे म्हणून बेताने वाचावेत.

1993 मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेनोखिल तुरुंगात सुया वाटून घेणाऱ्या कैद्यांमध्ये एचआयव्ही पसरला. एडिनबरोच्या संशोधकांनी जनुकक्रम लावून दाखवलं, की बाधितांपैकी बहुतेकांचे विषाणू अगदी निकटचे आहेत, म्हणजे उगम तुरुंगातला एकच. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने सुंदर काम. कैद्यांनी रक्त दिलं होतं ते गुप्ततेच्या भरवशावर. पुढे त्यांच्यातला एक सुटून गेला आणि जोडीदाराला बेपर्वाईने संसर्ग दिल्याचा खटला त्याच्यावर उभा राहिला. तेव्हा पोलिसांनी वॉरंट आणून संशोधनाची माहिती ताब्यात घेतली. 2001 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याने गुन्हा केला की नाही हा वेगळा प्रश्न. पुढच्या तुरुंगात रक्त मागायला जाणाऱ्या संशोधकाने कोणत्या तोंडाने ‘हे आपल्यातच राहील’ म्हणायचं?

हेच हत्यार निरपराधांच्याही कामी आलं आहे. लिबियात बेंगाझीच्या रुग्णालयात 400 हून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाली. ती मुद्दाम केल्याच्या आरोपावरून पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरला मृत्युदंड सुनावला गेला. 2006 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या विश्लेषणाने, बदल साचण्याच्या वेगावरून मागे मोजत, तो विषाणू ही मंडळी मार्च 1998 मध्ये लिबियात येण्याच्या आधीपासूनच तिथे फिरत होता असं दाखवलं. जुलै 2007 मध्ये त्यांची सुटका झाली. त्यात राजनैतिक दबावाचाही मोठा हात होता.

अमेरिकेत संशोधकाला कायद्याचं एक कवच मिळतं. 1970 च्या मादक द्रव्य कायद्यात त्याची मुळं आहेत: व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांना ‘हेरॉइन घेता का?’ असं विचारायचं, तर उत्तर पोलिसांकडे जाणार नाही ही हमी हवी होती. 2016 च्या कायद्यानंतर राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या अशा संशोधनाला हे गुप्ततेचं प्रमाणपत्र आपोआप लागू होतं. पण ते फक्त संशोधनाला. औषधरोधाच्या तपासणीतून राज्याच्या आरोग्य खात्याकडे गेलेला जनुकक्रम हा ‘संशोधन’ नसून ‘सर्वेक्षण’ असतो. तिथे वेगळी संमती विचारली जात नव्हती. 2018 पासून सगळ्याच राज्यांकडून साखळ्या शोधण्याची अपेक्षा केली गेली, आणि त्यातल्या अनेक राज्यांत एचआयव्ही संसर्गाला फौजदारी कलमं लागतात. 2022 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एचआयव्ही सल्लागार परिषदेनेच यावर बोट ठेवलं.

म्हणून या विषयात उतरणाऱ्या तरुण संशोधकाला आता वंशावळ काढता येणं पुरेसं नाही, ती कशी झाकायची हेही यावं लागतं. रक्त घेतल्याची नेमकी तारीख न देता फक्त वर्ष द्यायचं. गावाऐवजी मोठा प्रदेश लिहायचा. सगळे जनुकक्रम खुल्या संग्रहात न टाकता त्यातले काही यदृच्छेने निवडून टाकायचे. दिशा दाखवणारं विश्लेषण गरज नसेल तर करायचंच नाही, कारण जे संगणकात नाही ते वॉरंटनेही निघत नाही. अर्थात तारखा पुसल्या की बदल साचण्याचा वेग नीट मोजता येत नाही. बेंगाझीचं विश्लेषण नमुन्यांच्या तारखांशिवाय उभं राहिलं नसतं. किती पुसायचं, याचं एक सूत्र नाही. ज्या राज्यात, ज्या कायद्याखाली, ज्या लोकांमध्ये काम करायचं तिथे ते दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.