पॅच टेस्ट आणि त्वचेतील रक्तप्रवाहाचे मोजमाप: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

काँग्रेस गवत, केसांचा डाय, टिकलीमागचा गोंद, खोट्या दागिन्यांतील निकेल किंवा सिमेंटमधील क्रोमेट, यांपैकी नेमके काय आपल्या त्वचेला सोसत नाही हे शोधण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट सुचवतात. योसेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडलेली ही पद्धत मुळात आजही तीच आहे: संशयित पदार्थ बहुधा व्हॅसलिनमध्ये कालवून, लहान चकत्यांमधून पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवले जातात.

पट्ट्या काढल्यावर डॉक्टर प्रत्येक जागा पाहतात आणि बोटाने चाचपतात. सावळ्या पाठीवर मात्र लाली लाल दिसत नाही; ती तपकिरी किंवा जांभळट छटेत मिसळते आणि सौम्य प्रतिक्रिया नजरेतून निसटू शकते. प्रतिक्रिया आलेल्या जागी रक्तप्रवाह वाढतो, आणि आमच्या मते लेसरने तो मोजणाऱ्या तपासणीचा खरा उपयोग येथेच आहे. उपकरण त्वचेला स्पर्श न करता पाठीवर सौम्य लेसर प्रकाश टाकते. परतणाऱ्या प्रकाशात बारीक कणीदार नक्षी दिसते आणि त्वचेखालून तांबड्या पेशी जितक्या वेगाने वाहतात, तितकी ती नक्षी पुसट होते. या पुसटपणावरून संगणक रक्तप्रवाहाचा नकाशा रंगवतो. पडद्यावरचा लाल रंग म्हणजे त्वचेची लाली नव्हे, तो केवळ जास्त प्रवाहाची खूण आहे. प्रवाहाचा आकडाही एकटा वाचायचा नसतो. शेजारच्या निरोगी त्वचेशी आणि नुसत्या व्हॅसलिनच्या चकतीखालील जागेशी त्याची तुलना करावी लागते.

ॲलर्जी आणि साधी जळजळ या दोन्हींत प्रवाह वाढतो, म्हणून निदान उपकरण करत नाही, डॉक्टर करतात. फार तीव्र प्रतिक्रियेत सुजेमुळे सूक्ष्म वाहिन्या दबून आकडा उलट कमी येऊ शकतो. जळजळ बहुधा ओसरत जाते, ॲलर्जी मात्र टिकते किंवा वाढते. त्यामुळे ७२ ते ९६ तासांनी होणारे दुसरे मोजमाप कृपया चुकवू नये.

चिकटपट्टी ओढल्यानेही प्रवाह वाढतो, म्हणून ती काढल्यावर सुमारे अर्धा तास थांबावे लागेल. त्या दिवशी मोजमापापूर्वी चहा, कॉफी व तंबाखू टाळावी आणि मोजमापाच्या वेळी पालथे, स्थिर पडून राहावे. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आधी कळवावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत. घरात वापरात असलेले टिकलीचे पाकीट आणि डायचा खोका सोबत आणावा.