थकीत परिषद-गृहकर्ज (आयर्लंड)

आयर्लंडमध्ये काउंटी (जिल्हा) किंवा शहर परिषदेकडून, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेकडून, घरासाठी कर्ज घेतलेल्या आणि हप्ते थकलेल्या कुटुंबांना राहते घर टिकवण्यासाठी मिळणारे साहाय्य. लहान घरे विकत घेण्यासाठी स्थानिक संस्थांना कर्ज देण्याची मुभा तिथे १८९९ च्या कायद्याने मिळाली. बँकेने नाकारलेल्या किंवा अपुरे कर्ज देऊ केलेल्यांसाठी हे कर्ज असते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सध्याच्या योजनेतही ती अट आहे. त्यामुळे कर्जदार बहुधा बेताच्या मिळकतीचे असतात आणि एक नोकरी गेली की हप्ता चुकतो.

१९९१ च्या सामायिक मालकी योजनेतले लोक विशेष अडचणीत आले. घराचा किमान ४० टक्के हिस्सा कर्ज काढून घ्यायचा, उरलेल्याचे परिषदेला भाडे भरायचे आणि पुढे तोही विकत घ्यायचा, अशी ती योजना होती. एकाच छपरापायी हप्ता आणि भाडे दोन्ही डोक्यावर बसत. २०११ मध्ये ती बंद झाली, पण आधीची कर्जे उरली.

मध्यवर्ती बँकेची थकीत गृहकर्जांविषयीची आचारसंहिता परिषदांना लागू नाही. सरकारने तिच्याच धर्तीवर परिषदांसाठी वेगळी कार्यपद्धती घालून दिली. तिच्यात सगळे अडते ते एका अर्जावर. महिन्याची मिळकत, वीज, किराणा, मुलांची शाळा, गाडीचे पेट्रोल, इतर देणी असा घरखर्चाचा पूर्ण ताळेबंद त्यात मांडावा लागतो. घाबरलेला माणूस परिषदेची पत्रे न उघडता बाजूला ठेवतो आणि अर्ज कोराच राहतो. इथे १९९२ मध्ये सुरू झालेली ‘मॅब्स’ ही विनामूल्य पैसासल्ला सेवा उपयोगी पडते. तिचा सल्लागार शेजारी बसून अर्ज भरून घेतो, गरज पडल्यास परिषदेशी बोलतोही. अर्ज पाहून परिषद हप्ता कमी करते, काही काळ फक्त व्याज घेते, मुदत वाढवते किंवा थकबाकी मुद्दलात मिळवते. निर्णय पटला नाही तर अपील करता येते.

प्रकरण कोर्टात गेले तर २०१६ पासूनच्या ‘अवाल्य’ (Abhaile) योजनेतून (आयरिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘घराकडे’) वकिलाचा आणि दिवाळखोरीतज्ज्ञाचा सल्ला फुकट मिळतो. घराचा ताबा घेण्याविषयीच्या सुनावणीला मॅब्सचा माणूस कोर्टात हजर असतो. पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्याला हा आधार फार मोठा असतो.

हप्ता कधीच झेपणार नाही हे स्पष्ट झाले, तर ‘कर्जाऐवजी भाडे’ हा मार्ग उरतो. परिषद-कर्जदारांना तो २०१३ पासून खुला झाला. कुटुंब आपखुशीने मालकी सोडते, परिषद घरमालक होते आणि तेच कुटुंब तिथेच भाडेकरू म्हणून राहते. भाडे उत्पन्नानुसार ठरते. त्यासाठी कुटुंब सामाजिक घरासाठी (गरजूंना सरकारी मदतीने भाड्याने मिळणाऱ्या घरासाठी) पात्र असावे लागते आणि घर त्याच्या गरजेला साजेसे असावे लागते. परिषदेच्या बाबतीत ही वाट सर्वांत शहाणपणाची आहे, कारण कर्ज देणारी आणि बेघरांना घर देण्याची जबाबदारी असलेली संस्था एकच. घर काढून घेतले तर तेच कुटुंब तिच्याच प्रतीक्षायादीत येऊन उभे राहणार. मालकी गेल्याचे दुःख लहान नसते. पण पत्ता तोच राहतो, शेजार तोच राहतो आणि मुलांची शाळा बदलावी लागत नाही.