मिक्सर उलटा करून पाहा

मेन रोड असो की कॉलेज रोड, नाशिकच्या कुठल्याही दुकानात मिक्सर घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक ठरलेल्या दोन गोष्टी करतं. आधी तो उचलून वजनाचा अंदाज घेतं आणि मग विचारतं, "किती वॅटचा?" वजन बघण्यात अगदीच चूक नाही. मोटारीतली लोखंडी पत्र्यांची चळत मोठी आणि तार जाड असेल तर यंत्र जड लागणारच. वॅटचा आकडा मात्र फसवा. ७५० वॅट म्हणजे यंत्र किती वीज ओढतं तेवढंच. त्यातली पात्यापर्यंत किती पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, याबद्दल तो आकडा गप्प असतो.

मिक्सर किती टिकेल याची कामाची माहिती त्याच्या बुडाशी असते. मिक्सर उलटा करा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या. तिथल्या पट्टीवर बहुतेक वेळा बारीक अक्षरांत '३० मिनिटे' असं रेटिंग आणि त्यापुढे '५ मिनिटे चालू, २ मिनिटे बंद' अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असतं. हे यंत्र सलग चालवण्यासाठी बनवलेलंच नाही, अशी ही कंपनीची लेखी कबुली. शेजारी लाल बटण असतं, हवेच्या फटी असतात आणि स्क्रू असतात. स्क्रू घरातल्या साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतील असे आहेत, की कंपनीच्या खास हत्याराशिवाय हलणार नाहीत असे, तेही बघून घ्या.

मोटारीला मारते ती उष्णता. मिक्सरची मोटार मोकळी फिरताना मिनिटाला साधारण १८ ते २० हजार फेरे घेते आणि तिला गार ठेवणारा छोटा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. भांड्यात ओलं खोबरं आणि भाजलेला कांदा टाकून मिसळीचं घट्ट वाटण लावलं की मोटार दबते, फेरे कमी होतात. फेरे कमी झाले की वाइंडिंगमधून, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या वेढ्यांतून, जास्त करंट वाहतो, आणि पंखाही हळू फिरत असल्याने हवा कमी मिळते. म्हणजे गरम होणं वाढतं त्याच क्षणी गार होणं घटतं. वाटणात चमचा चमचा पाणी घालत जायचं ते यासाठी. लाल बटण टपकन बाहेर येतं ते करंट हाताबाहेर जातो म्हणून. ते दाबून लगेच मिक्सर पुन्हा सुरू करणारे लोक वाइंडिंगवाल्यांचं दुकान चालवतात.

वाइंडिंगच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. शेजारशेजारच्या वेढ्यांमध्ये तेवढीच भिंत. या थराला सोसेल अशा तापमानाचे वर्ग ठरलेले आहेत: ई वर्ग १२० अंश सेल्सिअस, बी १३०, एफ १५५. पाण्याच्या मोटारीच्या पाटीवर हे अक्षर बऱ्याचदा छापलेलं असतं. ते वाचायला पैसे पडत नाहीत, तरी फारसं कुणी वाचत नाही. १९३० साली मॉन्टसिंगर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनचा अभ्यास करून एक ठोकताळा मांडला. तो आजही वापरतात: तापमान दर ८ ते १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. एकच मोटार वीस अंश जास्त तापत राहिली तर तिचं आयुष्य पावावर येतं. दोन मिक्सर दिसायला सारखे, वॅट सारखे आणि तरी एक बारा वर्षं चालतो, दुसरा तीन वर्षांत जळतो, यात नशिबाचा भाग कमी आणि या वीस अंशांचा जास्त.

तांबं की ॲल्युमिनियम हा वादही इथेच येऊन थांबतो. त्याच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारेचा विद्युत रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, म्हणजे तेवढ्याच करंटला तेवढी जास्त उष्णता. तार जाड वापरून ही तूट भरता येते, पण मिक्सरच्या मोटारीत जागा मोजकीच. शिवाय ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चटकन धरतो, त्यामुळे जोड नीट बसत नाहीत. रंगावर विश्वास ठेवू नका. ॲल्युमिनियमच्या तारेलाही लालसर वार्निश दिलं की ती तांब्याची दिसते. वाइंडिंगवाला तार खरवडतो, आत पांढरी निघते. बिलावर 'कॉपर वाइंडिंग' लिहून मागा. दुकानदार लिहून द्यायला कचरला तर उत्तर मिळालंच.

आता मिक्सरचा कपलर. भांडं आणि मोटार यांना जोडणारा हा रबराचा किंवा प्लॅस्टिकचा दातेरी तुकडा झिजतो, तुटतो आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. तो तुटावा अशीच रचना असते. पातं अडकलं तर धक्का दांड्याला बसण्याआधी स्वस्तातला कपलर मरतो. टिकाऊ वस्तूत काहीच बिघडत नाही असं नसतं. तिच्यात आधी काय बिघडणार हे ठरवलेलं असतं आणि तो भाग सुटा मिळतो.

साठवणीच्या गिझरमध्ये हेच काम मॅग्नेशियमचा एक दांडा करतो, त्याला ॲनोड म्हणतात. गंजायची तयारी लोखंडापेक्षा मॅग्नेशियमची जास्त, म्हणून पाणी आधी त्याला खातं आणि टाकी वाचते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून हीच युक्ती दाखवली होती. दांडा संपला की पाळी टाकीची. पण तो वर्ष-दोन वर्षांनी काढून बघायचा असतो हे विकणारा क्वचितच सांगतो.

नाशिकमध्ये गिझरचं आयुष्य घर कुठे आहे यावरही ठरतं. गंगापूर धरणाचं पाणी नळाला येत असेल तर फार काळजी नाही. शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी भरतात, आणि काळ्या खडकातून येणारं हे पाणी बऱ्याचदा जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या जडपणाची (कठीणपणाची) इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. जड पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलवर पांढऱ्या खपल्या होऊन बसतो. त्यामुळे बिल फुगतं असा समज आहे, पण साठवणीच्या गिझरमध्ये तसं फारसं होत नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असल्याने उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. बिघडतं ते कॉइलचं स्वतःचं तापमान. खपलीखाली ती नको तितकी तापते आणि एक दिवस फुटते. जड पाण्याच्या घरात थर्मोस्टॅट ७५ ऐवजी ६० अंशांवर ठेवला तरी खपल्या कमी धरतात.

गिझर घेताना वॉरंटी कार्डाच्या पहिल्या पानावरचा ठळक आकडा सोडून आतला भागवार तक्ता वाचा. टाकीला पाच-सात वर्षं, कॉइलला दोन, बाकी यंत्राला एक-दोन, अशी काहीशी वाटणी असते. आपल्या वस्तूत काय आधी जाणार, याबद्दल कंपनीच्या अभियंत्यांचं मत तिथे छापलेलं असतं. फ्रिजच्या कंप्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी दिली म्हणून फ्रिज दहा वर्षांचा झाला असं नाही. गॅस, बोर्ड आणि मजुरी त्यात धरलेली आहे का ते बघा.

एखाद्या मालाच्या हजारो नगांच्या बिघाडांचा आलेख काढला तर तो बाजूने पाहिलेल्या टबासारखा दिसतो. सुरुवातीला कारखान्यातले दोष बाहेर पडतात म्हणून उंच, मग बरीच वर्षं सपाट, आणि झीज सुरू झाली की पुन्हा चढता. स्वीडिश अभियंते वालोडी वाइबुल यांनी १९५१ मध्ये लोकप्रिय केलेलं सूत्र या तिन्ही टप्प्यांना लागू पडतं. 'एक्स्टेंडेड वॉरंटी' बहुधा मधला सपाट तळ विकते, जिथे बिघाड सगळ्यात कमी. माझं मत विचाराल तर ती घेऊ नये. तेवढे पैसे बाजूला ठेवावेत.

"पूर्वीच्या वस्तू टिकायच्या" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. पंचवटीच्या जुन्या वाड्यात चाळीस वर्षांचा पंखा अजून फिरतोय, खरं आहे. पण त्याच्यासोबत घेतलेले जे पंखे केव्हाच भंगारात गेले, ते आज आपल्याला दिसत नाहीत. उरलेलेच दिसतात, म्हणून सगळेच टिकत होते असं वाटतं. शिवाय टिकला म्हणजे परवडला असंही नाही. जुना पंखा ७५ वॅट खातो, इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारा नवा बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. रोज १२ तास, वर्षाचे ९ महिने धरले तर फरक सुमारे १४५ युनिटचा. ८ रुपये युनिटने साडेअकराशेच्या घरात. बीएलडीसीत मात्र कंडेन्सर बदलून भागत नाही, बोर्ड जातो. तो बोर्ड सुटा केवढ्याला मिळतो, हे पंखा घेण्याआधी विचारावं. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, पण ते लेबल वीज सांगतं, आयुष्य नाही. आयएसआय शिक्क्याचंही तसंच. तो मुख्यतः सुरक्षेचा किमान दर्जा सांगतो. त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो, तेवढं करावं.

मग आयुष्याबद्दल विचारायचं कोणाला? रिपेअरवाल्याला, पण प्रश्न नीट विचारून. "सगळ्यात जास्त कुठल्या कंपनीचे येतात?" असं विचारलं तर तो सगळ्यात जास्त खपणाऱ्या कंपनीचं नाव सांगेल, कारण दारात येणारा माल खपाच्या प्रमाणातच येणार. विचारायचं ते असं: "कुठल्या कंपनीचा माल तुम्हाला परत पाठवावा लागतो, पार्ट मिळत नाही म्हणून?" फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पण आयुष्याबद्दल विचारायला आपला रिपेअरवालाच बरा.

पाना-पक्कड घेताना क्रोम-व्हॅनेडियमचा शिक्का आणि जबड्याची फट बघितली की काम भागतं. द्राक्षाच्या छाटणीच्या कात्रीवर मात्र नाशिक जिल्ह्याचं पोट आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी या दोन हंगामांत तिला दम खायला वेळ नसतो. पातं जास्त कार्बनच्या पोलादाचं, तापवून विझवलेलं आणि मग हलक्या आचेवर पाणी उतरवलेलं, म्हणजे कडकपणा थोडा कमी केलेलं, असावं लागतं. ते फार कडक राहिलं तर धारेचे टवके उडतात. मऊ राहिलं तर धार बोथट होते आणि काडी कापली न जाता चेंगरते. कानस फिरवून बघायची जुनी रीत आहे. कडक पोलादावरून कानस घसरते, मऊत रुतते. दुकानात नव्या कात्रीवर कानस चालवायला कोण देणार, हा प्रश्न आहेच. म्हणून निफाड-दिंडोरीकडचा जुना छाटणीवाला पातं आणि स्प्रिंग सुटी मिळते का एवढंच विचारतो, आणि मिळत असेल तर स्प्रिंगा दोन जास्तच घेतो. ऐन हंगामात सगळ्यात आधी तीच उडून गवतात हरवते.